उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं?

‘शेप्झ’ या कारखाना उभारायच्या संगणकीय खेळातलं पहिलं काम अगदी किरकोळ असतं. राखाडी वर्तुळांच्या खाणीवर एक एक्स्ट्रॅक्टर (आकार काढणारं यंत्र) ठेवायचा, त्याच्या तोंडापासून माल जमा होतो त्या मधल्या हबपर्यंत बेल्ट ओढायचा आणि ३० वर्तुळं पोचेपर्यंत बघत बसायचं. दुसरं कामही फार अवघड वाटत नाही: ४० अर्धवर्तुळं. त्यासाठी कटर मिळालेला असतो. वर्तुळ आत गेलं की दोन तोंडांतून दोन अर्धी बाहेर येतात, त्यातलं हवं ते बेल्टवर लावून दिलं की झालं. एखाददुसरं अर्धवर्तुळ हबकडे जातं आणि कटर थांबतो. बेल्ट बरोबर जोडलेला, एक्स्ट्रॅक्टर चालू, मागे वर्तुळांची रांग लागलेली. बिघाड कुठे दिसतच नाही, कारण नजर हव्या असलेल्या तोंडावर असते. नको असलेल्या तोंडाशी दुसरं अर्धं येऊन बसलेलं असतं. त्याला कोणी उचललेलं नाही, म्हणून पुढचं वर्तुळ कापलं जात नाही.

‘शेप्झ’ हा खेळ इथे सुरू होतो. टोबियस श्प्रिंगर या जर्मन प्रोग्रॅमरने तो २०२० मध्ये आणला. आधी ब्राउझरमध्ये, ‘शेप्झ डॉट आयओ’ या नावाने. त्याचा कोडही खुला आहे. कारखाना उभारायच्या खेळांची जी लाट प्रागमधल्या ‘फॅक्टोरिओ’ने आणली, तिचंच हे लेकरू, पण आईच्या अंगावरचे सगळे दागिने उतरवून ठेवलेलं. फॅक्टोरिओत कोळसा आहे, धूर आहे, धुरामुळे चवताळून चाल करून येणारे किडे आहेत, खाणी आटतात, वीज कमी पडते. शेप्झमध्ये यातलं काही नाही. खाण कधी संपत नाही, यंत्रांना पैसे पडत नाहीत, घड्याळ नाही, शत्रू नाही. नकाशा हवा तेवढा पसरत जातो. माल म्हणजे चारच आकार (वर्तुळ, चौकोन, तारा, पवनचक्कीचं पातं) आणि तीन रंग (लाल, हिरवा, निळा). त्यांना कापायचं, फिरवायचं, रंगवायचं, एकावर एक रचायचं आणि हबमध्ये टाकायचं.

टंचाई काढून टाकल्यावर खेळात उरतं काय, हा प्रश्न रास्त आहे. दोनच गोष्टी उरतात: वेग आणि उरलेलं. तेवढ्यावर माणसं शेकडो तास घालवतात.

आधी वेगाचं बघू. सुरुवातीला बेल्ट सेकंदाला २ नग वाहतो. एक्स्ट्रॅक्टर सेकंदाला ०.४ नग काढतो, म्हणजे एक बेल्ट भरायला ५ एक्स्ट्रॅक्टर. कटर सेकंदाला ०.५, म्हणून भरलेल्या बेल्टला ४ कटर. रंग मिसळणारा मिक्सर ०.४, म्हणजे ५. आकाराला रंग देणारा पेंटर सेकंदाला एक तृतीयांश, म्हणजे ६. सगळ्यात मंद, आकार एकावर एक रचणारा स्टॅकर: ०.२५. भरलेला बेल्ट पचवायला ८ स्टॅकर लागतात. हे आकडे पाठ व्हायला वेळ लागत नाही. पाच, चार, पाच, सहा, आठ. मुरलेले खेळाडू नवी साखळी बांधायला घेताना पाढा म्हटल्यासारखे ते म्हणतात.

पोळ्यांचं उदाहरण घेतलं तर हे लगेच कळतं. एक बाई लाटतेय आणि एक भाजतेय. लाटायला पाऊण मिनिट लागतं, भाजायला दीड मिनिट. तर लाटणारीने कितीही घाई केली तरी ताटात दर दीड मिनिटाला एकच पोळी पडणार. लाटलेल्या पोळ्यांची चवड मात्र वाढत जाईल, खालच्या एकमेकींना चिकटतील. इलाज लाटण्यात नाही, दुसरा तवा चढवण्यात आहे. शेप्झमध्ये नवखे नेमके उलट करतात. माल कमी येतोय म्हटलं की खाणीवर आणखी एक्स्ट्रॅक्टर ठोकतात. खाणीवर यंत्र ठेवणं सोपं, डोळ्यांना काहीतरी केल्याचं समाधान. खोळंबा पुढे तीन यंत्रांपलीकडे, एकट्या स्टॅकरपाशी असतो आणि तो तसाच राहतो.

तो शोधायची रीत अशी: हबपासून उलटं चालत जायचं. हबशी येणारा बेल्ट विरळ आहे, दोन नगांत मोठी फट आहे? मग मागच्या यंत्राकडे जायचं. त्याच्या आत येणारा बेल्टही विरळ? आणखी मागे. एका ठिकाणी असं यंत्र भेटतं की त्याच्या पुढचा बेल्ट विरळ आणि मागचा ठासून भरलेला, उभा. दोषी ते. त्याच्या शेजारी तशीच आणखी यंत्रं लावायची आणि बॅलन्सरने माल वाटून द्यायचा. दोन वाटांचं यंत्र असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्टॅकरच्या एका वाटेवर रांग उभी आणि दुसरी वाट कोरडी, असं दिसलं तर स्टॅकर निर्दोष आहे, कोरड्या वाटेच्या मागे जायला हवं. आणि उभा बेल्ट दिसला की घाबरायचं कारण नाही. तो फक्त सांगतो की मागे ऐपत जास्त आहे. पुढे जागा झाली की तो आपोआप सरकतो. चांगलं तुंबणं आणि वाईट तुंबणं यातला फरक एवढाच: चांगलं तुंबलेलं पुढच्याची वाट बघत असतं, वाईट तुंबलेल्याला पुढे कोणीच नसतं.

वेगाच्या बाबतीत आणखी एक गैरसमज हमखास असतो. खाण लांब आहे म्हणून माल कमी येईल, असं वाटतं. तसं होत नाही. बेल्ट दहा चौकटींचा असो की पाचशे चौकटींचा, सेकंदाला २ म्हणजे २. लांबीमुळे पहिला नग उशिरा पोचतो, इतकंच. पण चूक दुरुस्त केल्यावर ती खरंच दुरुस्त झाली का हे कळायलाही तितकाच उशीर लागतो, आणि त्या मधल्या वेळात अधीर माणूस अजून तीन गोष्टी बदलून ठेवतो. मग कशाने काय झालं याचा पत्ता लागत नाही.

आता एक आकार जवळून बघू. कारखान्याचा एखादा भाग उचलून दुसरीकडे जसाच्या तसा उतरवायची सोय खेळात आहे, पण ती फुकट नाही. त्यासाठी एक ठरावीक आकार चलनासारखा खर्च होतो. तो असा: खालच्या थरात निळं पाऊण वर्तुळ आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात निळ्या चौकोनाचा पाव भाग, त्याच्यावर दुसरा थर म्हणून अख्खं पांढरं वर्तुळ. वरचा थर लहान दिसतो, त्यामुळे पांढऱ्या वर्तुळाभोवती निळी कड आणि एका कोपऱ्याला टोक.

सुरुवात कापण्यापासून. कटर नेहमी उभाच कापतो, वरून खाली. यंत्र कसंही फिरवून ठेवलं तरी आकाराचे डावं आणि उजवं असेच दोन भाग पडतात. हे न कळल्यामुळे कित्येकजण कटर आडवा ठेवून आडवं कापलं जाईल म्हणून वाट बघतात. आडवं हवं असेल तर आधी आकार फिरवावा लागतो. वर्तुळ कापलं की उजवं अर्धं थेट स्टॅकरकडे पाठवायचं. पाऊण वर्तुळाला आणखी एक पाव हवा, खालच्या डाव्या कोपऱ्यातला. तो डाव्या अर्ध्यातून काढायचा. साधा विचार असा: डावं अर्धं घड्याळाच्या दिशेने फिरवू, कापू, मग हवा तो पाव उलट फिरवून जागेवर आणू. दोन रोटेटर. पण वर्तुळाचे चारही पाव एकसारखे आहेत, मूळ कुठला कोपरा होता याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. डावं अर्धं उलट्या दिशेने फिरवलं तर ते खालचं अर्धं होतं, कापलं की डाव्या तोंडातून पडणारा पाव खालच्या डाव्या कोपऱ्यातच असतो. काम एका रोटेटरमध्ये. चौकोनाचं याच्या उलट: डावं अर्धं घड्याळाच्या दिशेने फिरवलं की ते वरचं अर्धं होतं, कापलं की डाव्या तोंडातून वरचा डावा कोपरा मिळतो, हवा तोच.

मग जोडणी. स्टॅकरमध्ये दोन तुकडे एकमेकांच्या रिकाम्या जागेत बसत असतील तर ते एकाच थरात सांधले जातात, नाहीतर उजवीकडून आलेला डावीकडून आलेल्यावर चढतो. अर्धवर्तुळ अधिक पाव वर्तुळ, त्यात पाव चौकोन: हे तुकडे एकमेकांवर पडत नाहीत, त्यामुळे इथे डावं-उजवं चुकलं तरी चालतं. शेवटच्या पांढऱ्या वर्तुळाला मात्र चालत नाही. वाटा उलट जोडल्या की पांढरं खाली जातं आणि निळं डोक्यावर बसतं.

रंग कधी द्यायचा, हा खरा बारकावा. पेंटर अख्ख्या आकाराला रंगवतो, सगळे थर. म्हणून निळा रंग पांढरं वर्तुळ चढवायच्या आधीच द्यायला हवा. पण फार आधीही नको. वर्तुळ आणि चौकोन कापण्यापूर्वी वेगवेगळे रंगवले तर एका नगासाठी दोन वेळा रंग, दुप्पट पेंटर, आणि त्यातला बराच रंग कचऱ्यात जाणाऱ्या तुकड्यांवर. पाऊण वर्तुळ आणि पाव चौकोन सांधून झाले की एकदाच निळं करायचं. पांढरा रंग खाणीत मिळत नाही, तो प्रकाशासारखा बनवावा लागतो. लाल आणि हिरवा मिळून पिवळा, त्यात निळा मिळून पांढरा. चित्रकलेच्या तासाला शिकलेलं विसरायचं, इथे पिवळ्यात निळा घालून हिरवा होत नाही.

सेकंदाला अर्धा नग, म्हणजे तासाला १,८०० हवे असतील, तर सुरुवातीच्या वेगाने जमवाजमव अशी. खालच्या वर्तुळांसाठी २ एक्स्ट्रॅक्टर, वरच्या वर्तुळांसाठी २, चौकोनांसाठी २. निळ्यासाठी २, आणि पांढऱ्यासाठी लाल, हिरवा, निळा प्रत्येकी २. एकूण १४. कटर ४, रोटेटर २. स्टॅकरच्या तीन पायऱ्या, प्रत्येकीला २, म्हणजे ६. पेंटर निळ्याला २ आणि पांढऱ्याला २. मिक्सर पिवळ्याला २, पांढऱ्याला २. आणि ३ कचरापेट्या.

त्या तीन कचरापेट्यांपाशी हात अडखळतो. एका नगामागे पाव वर्तुळ आणि पाऊण चौकोन सरळ फेकला जातोय. चौकोन तर चारातला एकच भाग वापरला. हिशेबी मन लगेच म्हणतं: एका चौकोनातून चार कोपरे निघतात, चार नग होतील. वर्तुळाचे तीन उरलेले पाव जमवले की आणखी एक पाऊण वर्तुळ. शिळ्या पोळीची फोडणीची पोळी करणाऱ्या घरांत वाढलेल्या माणसाला पाऊण चौकोन फेकवत नाही.

पण इथे काटकसर महागात पडते. चौकोन अमर्याद आहेत, त्यांना किंमत शून्य. त्यांच्यातून चार कोपरे काढायला मात्र जास्तीचे कटर, वेगवेगळ्या दिशांचे रोटेटर, चार वाटा एकत्र करणारे बेल्ट लागतात. जागा जाते आणि चुका वाढतात. हे अजून ठीक. खरा घोळ तेव्हा होतो जेव्हा उरलेलं एका साखळीतून उचलून दुसऱ्या साखळीला दिलं जातं. समजा, उरलेलं उजवं अर्धं दुसऱ्या कुठल्यातरी मालासाठी वापरलं. तो माल पुरेसा झाला, त्याचा बेल्ट भरला आणि थांबला. तसं उजवं अर्धं उचलणारं कोणी राहिलं नाही. म्हणून कटर थांबला. म्हणून पहिली साखळीही थांबली, जिचा त्या मालाशी काही संबंध नव्हता. दोन स्वतंत्र कारखाने होते, बचतीपोटी त्यांच्या गळ्यात एकच दोरी बांधली गेली.

याची खरी आवृत्ती महाराष्ट्रातल्या ऊस पट्ट्यात कोणालाही ठाऊक आहे. एक टन ऊस गाळला की ढोबळमानाने १०० ते ११० किलो साखर मिळते. पण त्याच टनातून २८० ते ३०० किलो बगॅस (उसाचा चोथा) आणि ४० ते ४५ किलो मळीही निघते. साखर हवी म्हणून कारखाना काढला तरी ही दोन तोंडं बंद करता येत नाहीत. बगॅस बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करता येते. मळीला टाक्या लागतात, आणि मद्यार्क बनवणारी आसवनी तिची गिऱ्हाईक. मळी उचललीच गेली नाही आणि टाक्या काठोकाठ भरल्या, तर गाळप आवरतं घ्यावं लागतं. दारात उसाच्या गाड्यांची रांग असली तरी. शेप्झचा अडकलेला कटर आणि हे, यात तत्त्वाचा फरक नाही. फरक कचरापेटीचा आहे. खेळात ती एका चौकटीत मावते, कितीही गिळते आणि तिचं पाणी कुठल्या नदीला मिळत नाही. खऱ्या कारखान्याला जोडधंदे उभे करावेच लागतात. खेळात जोडधंदा करायचाच असेल तर एक तोडगा आहे: जादा माल आधी दुसऱ्या साखळीला द्यायचा, आणि ती भरली की पुढचा कचरापेटीकडे वळेल अशी वाट ठेवायची. धरणाच्या सांडव्यासारखी. फक्त साधा बॅलन्सर लावून हे होत नाही. तो दोन्हीकडे निम्मं निम्मं वाटतो, म्हणजे दुसरी साखळी उपाशी असतानाही निम्मा माल कचऱ्यात. सांडवा वाट भरल्यावरच वाहायला हवा.

आणखी एक घोळ भेसळीचा. बांधकाम करताना चुकून एखादा बेल्ट क्षणभर चुकीच्या ठिकाणी जोडला जातो. लगेच लक्षात येतं, काढूनही टाकला जातो. पण तेवढ्यात लाल रंगाचा एक थेंब आकारांच्या बेल्टवर चढलेला असतो. तो वाहत पेंटरच्या दाराशी पोचतो. ते दार फक्त आकार घेतं, रंग घेत नाही. थेंब तिथे बसतो आणि त्याच्या मागे हजारभर निर्दोष वर्तुळं उभी राहतात. वीस मिनिटांनी माल बंद झाल्याचं कळतं, तेव्हा जोडणी सगळीकडे बरोबरच दिसते. म्हणून बंद पडलेल्या साखळीत यंत्रं तपासण्याआधी बेल्टच्या तोंडाशी पहिला नग काय आहे तो बघावा. इलाज सोपा आहे: ती एक चौकट पुसून परत आखायची, थेंब तिच्याबरोबर जातो.

थेंब निदान अडून तरी बसतो. चुकीचा आकार त्याहून वाईट, कारण तो अडतच नाही. हब कुठलाही आकार घेतो. डोक्यावर निळं आणि खाली पांढरं झालेला उलटा नग बिनतक्रार आत जातो. बेल्ट झुळझुळ वाहतो, यंत्रं हलतात, फक्त हबवरचा आकडा तिथल्या तिथे. कारखाना छान चाललाय असं वाटत असताना आकडा वाढत नसेल, तर बेल्टवरचा एक नग आणि मागणीचं चित्र शेजारी शेजारी धरून बघायचं.

वेग वाढवायच्या सुधारणा चार खात्यांत विभागल्या आहेत: बेल्ट, खाण, कापणं-फिरवणं-रचणं आणि रंग. पाच, चार, पाच, सहा, आठ हा पाढा चारही खाती सारख्या पायरीवर असतील तोवरच खरा. बेल्टचा वेग वाढवला आणि स्टॅकरचा राहिला, की कालपर्यंत बरोबर असलेली मांडणी आज तुंबते, काहीही न मोडता. शिवाय या सुधारणा जुनेच आकार मागतात, आधी दिले त्याच्या कितीतरी पट. म्हणून पहिलं वर्तुळाचं कळकट बांधकाम कधी पाडू नये. काम झालं म्हणून जागा मोकळी करणारे पुढे कपाळाला हात लावतात.

सव्विसाव्या पातळीनंतर खेळ पवित्रा बदलतो. आता मागणीचे आकार यदृच्छेने येतात, आणि एकूण किती नग याऐवजी सेकंदाला किती, एवढंच विचारलं जातं. दर वेळी नवी साखळी बांधणं अशक्य होतं. मग लोक संदेश वाहणाऱ्या वायरचा वेगळा थर वापरून एकच यंत्र रचतात, जे हबकडून मागणीच्या आकाराचा संदेश घेतं, त्याचे थर आणि पाव सुटे करून वाचतं, आणि चारही आकारांचे कापलेले, रंगवलेले पाव त्याप्रमाणे सोडून रचतं. बांधायला कित्येक दिवस लागतात. तयार झालं की हात न लावता पातळ्या पार होत जातात.

फक्त मागणी बदलते त्या क्षणी एक गंमत होते. वायरवरचा संदेश तत्क्षणी बदललेला असतो, पण बेल्टवर अजून मागच्या मागणीचे तुकडे असतात. हिरवा पाव येऊन थांबलेला, त्याच्यासाठी आता जोडीदार पांढरा येतो. काही सेकंद असे आकार तयार होतात जे जुन्या मागणीत बसत नाहीत आणि नव्याही नाही. ते स्टॅकरमधून एकामागून एक बाहेर पडतात, हबपर्यंत जातात, आणि हब त्यांनाही आत घेतो.